आच खालून, दाब वरून

मराठीत पाण्यापेक्षा माणसंच जास्त उकळतात. कुणाला मनातल्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटतात, कुणी संतापाने उकळत असतो, कुणी वर्षानुवर्षं आतल्या आत खदखदतो. दुःखाचे कढ येतात. उत्साह उतू जातो. प्रेमही उतू जातं, पण ते बहुधा तिसरंच कुणीतरी नाक मुरडून सांगतं. अफवांना ऊत येतो, आणि प्रकरण विझत आलं की कुणाला तरी शिळ्या कढीला ऊत आणायची हुक्की येते. पैसे उकळणारे मात्र निराळे. ते स्वतः अगदी थंड असतात.

एका पातेल्याशेजारी उभं राहून एवढी भाषा गोळा झाली, याचं मला कौतुक आहे. तरी एक तक्रारही आहे. या सगळ्या बोलण्यात आच आहे, विस्तव आहे, तळपायातून मस्तकात जाणारी आग आहे. वरून दाबणारं काही नाही. माणूस का उकळला, तर आतून तापला म्हणून, इथे आपलं स्पष्टीकरण संपतं. पाण्याला विचारलं तर ते अर्धीच गोष्ट सांगितली म्हणेल. पाणी उकळतं ते खालच्या आचेमुळे, हे खरंच. पण कधी उकळायचं हे ठरतं ते वर किती दाब बसलाय त्यावर.

पाणी तापायला ठेवलं की मी बरेचदा तिथेच रेंगाळते. काम नसतं असं नाही, पण बघण्यासारखं बरंच घडत असतं. काचेचं भांडं असेल तर उत्तम. सुरुवातीला तळाशी पाणी नुसतं थरथरल्यासारखं दिसतं. गरम पाणी हलकं होऊन वर निघालेलं असतं, थंड पाणी खाली उतरत असतं, आणि दोघांच्या सीमेवर प्रकाश वाकडातिकडा होतो. मग भांड्याच्या कडांना मोहरीपेक्षाही बारीक बुडबुडे चिकटतात. ही उकळी नव्हे. पाण्यात विरघळलेली हवा असते ती. पाणी तापलं की तिला आत धरून ठेवणं त्याला जमत नाही. चमच्याने हलवलं की हे बुडबुडे सुटून वर जातात, आणि पाणी अजून कोमटच असतं.

खरा खेळ पुढे आहे. तळ पुरेसा तापला की तिथे वाफेचे बुडबुडे धरू लागतात. ते सुटतात, वर निघतात, आणि वरच्या जरा थंड पाण्यात शिरले की आतली वाफ पुन्हा पाणी होऊन बुडबुडा मिटतो. मिटतो म्हणजे हळूच विरत नाही, आजूबाजूचं पाणी चहूबाजूंनी त्या पोकळीत आदळतं. अशा असंख्य आदळण्यांचा मिळून तो सूंऽऽ आवाज होतो. किटली लावून दुसऱ्या खोलीत बसलात तर हे फार छान ऐकू येतं. आवाज वाढत जातो, वाढत जातो, आता उकळणार असं वाटतं, आणि ऐन उकळायच्या तोंडावर चक्क कमी होतो. कारण आता वरचं पाणीही तापलेलं असतं, बुडबुडे वाटेत मिटत नाहीत, थेट पृष्ठभागापर्यंत पोचून फुटतात. त्या फुटण्याचा आवाज खालच्या पट्टीतला, गुबगुबीत असतो. कान तयार झाले की न बघता सांगता येतं, पाणी कुठवर आलंय ते.

आता त्या एका बुडबुड्याचा विचार करा. आत फक्त वाफ. बाहेरून त्याला दाबणारं पाणी, आणि त्या पाण्यावर बसलेली अख्खी हवा, थेट वातावरणाच्या टोकापर्यंतची. समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटीमीटरवर सुमारे एक किलो. वीस सेंटीमीटर व्यासाचं पातेलं घेतलं, तर त्यातल्या पाण्याच्या डोक्यावर तीनशे किलोंहून जास्त हवा बसलेली असते. एवढा भार पेलून स्वतःची जागा टिकवण्याइतका जोर वाफेत आला, की बुडबुडा जगतो. तोवर नाही. ओले कपडे वाळतात, डबकं आटतं, तेव्हाही पाण्याची वाफच होत असते, पण ती वरच्या वर, पृष्ठभागावरून, गपचूप. उकळी म्हणजे पाण्याने पोटातून वाफ होणं. त्यासाठी वरच्या दाबाशी बरोबरी करावी लागते.

ही बरोबरी शंभर अंश सेल्सियसला होते, हे आपल्याला शाळेपासून पाठ. पाणी किती अंशांना उकळतं असं झोपेतून उठवून विचारलं तरी ‘शंभर’ असं उत्तर येईल. पण हा शंभरचा आकडा मिळवताना शहाण्यासुरत्या लोकांच्या नाकीनऊ आले होते. मुळात १७४२ साली अँडर्स सेल्सियस या स्वीडिश खगोलशास्त्रज्ञाने आपली मोजपट्टी मांडली ती आजच्यापेक्षा उलटी. त्याच्याकडे पाणी उकळायचं शून्याला आणि गोठायचं शंभरला. १७४४ मध्ये तो गेला आणि त्यानंतर लवकरच पट्टी उलटवण्यात आली. बरं झालं. नाहीतर ‘ताप वाढला’ म्हणताना आकडा उतरला असता.

पण उलटसुलट हा किरकोळ प्रश्न. मोठा प्रश्न होता, उकळणं म्हणजे नेमकं कधीचं? १७०१ साली न्यूटनने तापमानाची एक यादी प्रसिद्ध केली, स्वतःचं नाव न घालता. त्यात पाण्याच्या उकळण्याला एक आकडा नाही, दोन आहेत: उकळायला लागतं तेव्हा त्याच्या मापाने ३३ आणि जोरात उकळतं तेव्हा ३४. पुढे अठराव्या शतकाच्या मध्यावर लंडनच्या जॉर्ज अ‍ॅडम्स या उपकरणं बनवणाऱ्याच्या तापमापीवर तर दोन वेगळ्या खुणाच केलेल्या आहेत. फॅरनहाइटमध्ये २०४ ला पाणी उकळायला लागतं आणि २१२ ला जोरात उकळतं. म्हणजे आपल्या मापात चार-साडेचार अंशांचा फरक. आज आपण हसू, पण चुलीपाशी उभं राहणाऱ्या कुणालाही हा फरक माहीत असतो. ‘पाणी आलंय का?’ या प्रश्नाला ‘येतंय’ असं एक उत्तर असतं आणि ‘खळखळतंय’ असं दुसरं. सूं आवाज करणारं, बुडबुडे वाटेत मिटवणारं पाणी हे ‘येतंय’ मध्ये मोडतं, आणि ते खरोखर शंभराला पोचलेलं नसतं.

या घोळात सगळ्यात खोल शिरला तो जिनिव्हाचा जाँ-आंद्रे द लुक. हा माणूस मला फार आवडतो. त्याला शंका आली की पाण्यात विरघळलेली हवा उकळीला हातभार लावते. मग हवा पूर्ण काढून टाकली तर? त्यासाठी त्याने पाणी तापवून पाहिलं, हवा ओढून पाहिली, आणि शेवटी लक्षात आलं की पाण्याची बाटली हलवत राहिलं की हवा सुटते. झालं. चार आठवडे हा गृहस्थ बाटली हलवत होता. झोप, गावातली कामं आणि दोन्ही हात लागतील अशी कामं सोडली, तर बाटली हातातून खाली ठेवली नाही असं त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. जेवताना, वाचताना, लिहिताना, मित्रांना भेटताना, फिरायला जाताना बाटली हलतेच आहे. त्या मित्रांना काय वाटलं असेल ते मात्र त्याने लिहिलेलं नाही.

चार आठवड्यांनी ते पाणी तापवलं, तर ते शंभरला उकळेना. ११२ अंशांच्या आसपास गेलं, आणि मग एकदम उसळलं. उकळलं नाही, स्फोट व्हावा तसं उसळलं. पाण्याला वाफेचा पहिला बुडबुडा धरायला काहीतरी आधार लागतो: एखादा ओरखडा, धुळीचा कण, हवेची बारीकशी फट. तो काढून घेतला की पाणी तापत जातं आणि वरून शांत दिसतं. आजच्या घरात हा प्रकार मायक्रोवेव्हमध्ये होतो. गुळगुळीत कपात नुसतं पाणी जरा जास्त वेळ तापवलं, बुडबुडा एकही नाही म्हणून कप बाहेर काढला, त्यात चमचा घातला, की पाणी उसळून हातावर. म्हणून मायक्रोवेव्हमध्ये पाणी तापवायचंच झालं तर आधीच लाकडी काडी किंवा तसलंच काही आत ठेवतात. प्रयोगशाळेत द्रव उकळताना खडबडीत खडे टाकतात, तेही याचसाठी. सभ्य, शांत उकळी हवी असेल तर भांड्यात थोडी खरखर लागते.

शेवटी लंडनच्या रॉयल सोसायटीने १७७६ मध्ये हेन्री कॅव्हेंडिशच्या अध्यक्षतेखाली सात जणांची एक समितीच नेमली. द लुक त्यात होता. पुढच्या वर्षी समितीने उपाय सांगितला: तापमापी पाण्यात बुडवूच नका, वर वाफेत धरा. पाणी लहरी असतं. भांडं काचेचं की धातूचं, खोल की उथळ, हवा किती, उकळी केवढी, यावर त्याचा पारा पाव-अर्धा अंश, कधी त्याहून जास्त, इकडेतिकडे होतो. त्यातून सुटलेली वाफ मात्र हवेचा दाब ठरलेला असला की जवळजवळ एकाच आकड्यावर येऊन थांबते. समिती म्हटलं की आपल्या मनात काही फार आदर दाटून येत नाही, पण ही समिती कामाची निघाली.

तरी ‘हवेचा दाब ठरलेला असला की’ ही अट उरलीच. आज तापमानाच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीनुसार समुद्रसपाटीच्या प्रमाण दाबाला पाणी ९९.९७ अंशांना उकळतं, आणि रसायनशास्त्रातला नवा प्रमाण दाब, म्हणजे एक बार, धरला तर ९९.६१ ला. शाळेतला शंभर हा असा सोयीचा, गोल केलेला पाहुणा आहे. वर डोंगरावर चढायला लागलात तर तोही उरत नाही. साधारण दर तीनशे मीटरला एक अंश उतरतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर पाणी सत्तरेक अंशांनाच खळखळायला लागतं. वर हवा विरळ, दाब कमी, म्हणून उकळायला कारण थोडं पुरतं.

याचा फटका चार्ल्स डार्विनला बसला होता. मार्च १८३५ मध्ये तो अँडीज पर्वत ओलांडत होता. उंचावर मुक्काम पडला, बटाटे उकडायला ठेवले. काही तास पाणी उकळत होतं, बटाटे दगड ते दगडच. भांडं रात्रभर विस्तवावर राहू दिलं, सकाळी पुन्हा उकळलं, तरी तेच. ही भानगड डार्विनला कळली ती सोबतच्या दोघांची चर्चा कानावर पडून. त्यांचा निष्कर्ष पक्का झाला होता: हे मेलं भांडं नवीन आहे, त्याला बटाटे शिजवायचेच नाहीयेत. मला हा तर्क अजिबात मूर्खपणाचा वाटत नाही. पाणी डोळ्यांसमोर धडधडून उकळतंय, विस्तव चांगला आहे, बटाटे नेहमीचेच, मग बदललं काय? भांडं. वरची हवा बदललीय हे कुणाला दिसणार?

आणि जे दिसत नाही तेच मोजायला याच गोष्टीचा उपयोग करून घेणारेही होते. उकळतं पाणी किती अंशांवर आहे ते नेमकं मोजलं, तर उलट गणित करून आपण किती उंचीवर आहोत ते काढता येतं. एकोणिसाव्या शतकातले सर्वेक्षक त्यासाठी खास तापमापी बाळगत. यातला सर्वांत धाडसी म्हणजे कुमाऊंचा नैनसिंग रावत. परक्यांना बंदी असलेल्या तिबेटात तो वेषांतर करून शिरला आणि जानेवारी १८६६ मध्ये ल्हासाला पोचला. हातातल्या जपमाळेत १०८ ऐवजी शंभर मणी, पावलं मोजायला. तापमापी यात्रेकरूच्या काठीत लपवलेली. भोवतालच्यांना दिसत असणार एक भाविक माणूस आणि विस्तवावर ठेवलेलं पाणी, त्यात वावगं ते काय? ल्हासात पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळतं. त्या उकळीतून त्याने शहराची उंची काढली. हेरगिरीचं याहून निरुपद्रवी दिसणारं साधन मला तरी माहीत नाही.

दाब कमी झाला तर उकळी लवकर येते, तसा दाब वाढवला तर ती लांबते. डेनिस पापँ या फ्रेंच माणसाने १६७९ मध्ये रॉयल सोसायटीपुढे एक घट्ट झाकणाचं लोखंडी भांडं मांडलं. त्यात हाडंसुद्धा मऊ व्हायची. आजचा कुकर त्याच घराण्यातला. आत बाहेरच्या दुप्पट दाब साठतो आणि पाणी १२० अंशांपर्यंत जातं, म्हणून अन्न झटपट शिजतं. भांडं फुटू नये म्हणून पापँने वजन लावलेली झडपही केली. तीच आपली शिट्टी, असं म्हटलं तरी चालेल. लक्षात घेण्यासारखं हे, की कुकर पाण्याला जास्त उकळवत नाही. तो त्याला उकळू देत नाही, आणि त्यामुळे पाणी जास्त तापतं.

आता पुन्हा माणसांकडे वळते, कारण मला भाषेशी भांडायचंय ते इथे. दाब हा शब्द आपल्याकडे आहे आणि चांगला सणसणीत आहे. माणसाला दाबात ठेवतात, आवाज दाबतात, प्रकरण दाबून टाकतात, वरून दबाव येतो. उकळणंही आहे. पण या दोन शब्दांची गाठ आपण घालत नाही. ‘लोकांमध्ये असंतोष खदखदतोय’ अशी बातमी असते, तेव्हा शोध सुरू होतो तो आग कुणी लावली याचा. झाकण कुणी लावलं, त्यावर वजन कुणी ठेवलं आणि काढलं कधी, हे विचारायचं राहून जातं. कुकरचं झाकण दाब पूर्ण उतरण्याआधी जबरदस्तीने उघडलं तर काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं. आतलं पाणी १२० अंशांचं, बाहेरच्या दाबाला त्याची पात्रता शंभरचीच. ते तिथल्या तिथे, सगळीकडून एकदम उकळतं. आच त्या क्षणी वाढलेली नसते. गॅस तर कधीच बंद केलेला असतो. काही घरांत आणि काही देशांत नेमकी सुटकेच्या क्षणी उसळी येते, तिला लोक कृतघ्नपणा म्हणतात. वीस अंशांचा हिशेब आधीपासून आत साठलेला असतो.

या उपमेला मी फार ताणत नाही. माणसाला वाफ होऊन उडून जायची सोय नसते. शिवाय उकळत्या पाण्यावरून शिकवण काढण्याचा धंदा आधीच भरभराटीला आलेला आहे. त्यातला तो बेडूक तर मोबाइलवरून रोज कुणाला ना कुणाला पोचतोच: उकळत्या पाण्यात टाकला तर टुणकन उडी मारतो, थंड पाण्यात ठेवून हळूहळू तापवला तर बसून राहतो आणि मरतो. या गोष्टीचा माग थेट १८६९ सालापर्यंत जातो. फ्रीडरिश गोल्ट्झ या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने खरंच असे प्रयोग केले. त्यात जो बेडूक तापत्या पाण्यात स्वस्थ बसून राहिला, त्याचा मेंदू आधीच काढलेला होता. धडधाकट बेडूक पाणी जरा कोमट होताच अस्वस्थ झाला आणि सुटायची धडपड करू लागला. आणि खळखळत्या पाण्यात टाकलेला बेडूक उडी वगैरे मारत नाही, तो भाजून मरतो. म्हणजे गोष्टीचे दोन्ही अर्धे चुकीचे. तरी ती टिकून आहे, कारण भाषणात ती फार शोभते.

दुधाबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण उतू जाणं ही भाषेला दुधाने दिलेली देणगी. पाणी कितीही उकळलं तरी सहसा भांड्याबाहेर येत नाही. बुडबुडा वर येतो, फुटतो, संपतो. दुधात प्रथिनं असतात. ती बुडबुड्याभोवती पातळ पडदा धरतात, त्यामुळे तो लगेच फुटत नाही. त्यात वर साय धरलेली असली की वाफेला वाटच उरत नाही. बुडबुड्यावर बुडबुडा रचत जातो, आणि पाठ फिरवायचा अवकाश, सगळं वर. खरं तर दूध उतू जातं तेव्हा ते पाण्याहून काही फार जास्त तापलेलं नसतं. वाफ धरून ठेवायचा त्याचा स्वभाव नडतो. म्हणूनच गॅस बारीक करून, फुंकर मारून किंवा पळीने साय मोडून ते खाली बसतं. फुंकरीने दूध काही फारसं थंड होत नाही, फेस तुटतो एवढंच.

उकळी आली की पुढे काय? इथे बहुतेक स्वयंपाकघरांत रोज गॅस वाया जातो. पाणी खळखळायला लागलं की त्याचं तापमान तिथेच थांबतं. आच दुप्पट करा, ते शंभराच्या वर एक अंश जाणार नाही. फक्त जास्त वाफ होईल. मंद आचेवर डुबडुबणारं पाणी आणि मोठ्या आचेवर थयथयाट करणारं पाणी जवळपास सारखंच गरम असतं. अंडं दोन्हीकडे सारख्याच वेळात उकडतं. मीठ टाकल्याने उकळीचं तापमान वाढतं हे खरं, पण एक पूर्ण अंश वाढायला लिटरभर पाण्यात ५८ ग्रॅम मीठ घालावं लागेल, आणि मग ते तोंडात घालवणार नाही.

मग ती जादा उष्णता जाते कुठे? पाण्याला पाण्यापासून सोडवण्यात. १७६०च्या सुमारास स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकने हे ओळखलं आणि या न दिसणाऱ्या उष्णतेचा हिशेब मांडला. एक ग्रॅम पाणी बर्फाच्या तापमानापासून उकळीपर्यंत आणायला १०० कॅलरी लागतात, आणि उकळीला आलेल्या त्याच ग्रॅमची वाफ करायला ५४०. तापमापी तेवढा वेळ ढिम्म हलत नाही. वाफेने भाजलेलं उकळत्या पाण्याने भाजल्यापेक्षा भयंकर का असतं, त्याचं कारण हेच. कातडीवर आदळून तिचं पुन्हा पाणी होताना ती हे ५४० तिथेच रिकामे करते. संतापून ‘उकळणारा’ माणूस आपल्याला तापमानाची कमाल वाटतो, पण पाण्यापुरतं बोलायचं तर उकळी ही तापणं थांबल्याची खूण आहे.

पिण्याचं पाणी उकळण्याबाबतही हेच. रोगजंतूंसाठी चांगली खळखळ उकळी आली की काम होतं. अमेरिकेची आरोग्ययंत्रणा एक मिनिट सांगते, आणि दोन हजार मीटरच्या वर राहणाऱ्यांना तीन मिनिटं, कारण तिथली उकळी कमी गरम. त्याहून जास्त वेळ आटवत बसण्याने पाणी जास्त शुद्ध होत नाही. उलट त्यात शिसं, आर्सेनिक किंवा नायट्रेट असेल तर ते मागेच राहतं आणि पाणी आटल्यामुळे दाट होतं. औषधी काढा करतात तो याच तत्त्वावर: पाणी जाऊ द्यायचं, अर्क ठेवायचा. पैसे उकळण्याचा अर्थ याच काढ्यातून आला असेल का, असा माझा एक बिनपुराव्याचा अंदाज आहे. समोरच्याला मंद आचेवर ठेवायचं आणि त्याच्यात जे काही असेल ते उतरवून घ्यायचं.

वरून दाब पुरेसा असेल तर उकळी किती लांबू शकते, याचं उत्तर समुद्राच्या तळाशी आहे. १९७९ मध्ये पूर्व प्रशांत महासागरात अडीच किलोमीटरहून जास्त खोलीवर, अल्विन नावाच्या पाणबुडीतून शास्त्रज्ञांना तळातून काळं, धुरकट पाणी ओकणाऱ्या चिमण्या सापडल्या. तापमान मोजायला नळी पुढे केली तर तिचा प्लास्टिकचा दांडा वितळला. ते पाणी सुमारे ३८० अंशांचं निघालं. पण उकळत नव्हतं. डोक्यावर अडीचशे वातावरणांइतका दाब. आणि दुसऱ्या टोकाला, जमिनीपासून सुमारे एकोणीस किलोमीटर उंचीवर, हवा इतकी विरळ असते की पाणी ३७ अंशांना, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेलाच, उकळतं. तिथे दाबाचा पोशाख नसलेल्या माणसाच्या जिभेवरची लाळ उकळेल. रक्त उकळणार नाही. ते रक्तवाहिन्यांच्या भिंतींत, दाबाखाली असतं.

इतक्या लांबून परत यायचं तर विजेच्या किटलीकडे यावं. पाणी उकळलं की ती आपोआप बंद होते, आणि आत तापमापी असेल, शंभर झाले की बटण पडत असेल, असंच आपण धरून चालतो. तसं असतं तर डोंगरावरच्या गावात ती किटली कधीच बंद झाली नसती. तिथलं पाणी ९० वरच उकळत राहिलं असतं आणि किटली शंभराची वाट बघत बसली असती. साध्या किटलीत वाफेसाठी एक अरुंद वाट केलेली असते. पाणी खरोखर उकळलं की वाफ जोराने त्या वाटेने जाऊन दोन धातूंच्या एका पट्टीवर आदळते, पट्टी तापून वाकते आणि बटण पडतं. पाण्याला न विचारता ती वाफेला विचारते, कॅव्हेंडिशच्या समितीने सांगितलं होतं तसं. म्हणून झाकण उघडं ठेवून किटली लावू नये. वाफ वरच्या वर निघून जाते, पट्टीपर्यंत पोचत नाही, आणि किटली उकळतच राहते.